फिंटनच्या हातचं काम

हृषीकेश तापकीर बंदुकांचं काम करतो, हे डब्लिनच्या ओंगार भागातल्या मराठी मंडळींना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. गणपतीला नाही तर संक्रांतीला मलिंगारहून तो, बायको आणि मुलगी अशी तिघं तिकडे जायची. कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" तर तो म्हणायचा, "मशीन शॉपमध्ये आहे." ते खोटं नव्हतं. एका वर्षी कुणीतरी फारच खोदून विचारलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, क्षितिजानं, सांगून टाकलं, "बंदुका दुरुस्त करतो तो." मग एकानं दोन बोटांचं पिस्तूल करून हात वर केला आणि हशा पिकला. पण नंतर एका वहिनींनी तिला ओट्यापाशी गाठून हळूच विचारलं, "घरात मुलगी आहे ना गं? मग हे असलं काम?" तेव्हापासून क्षितिजाही मशीन शॉपच म्हणायला लागली.

तो मूळचा भोसरीचा. तिथल्या एका टूलरूममध्ये डाय बनवायचा, आणि आरशासारखं तोंड दिसेल असं पॉलिश करायचा. क्षितिजाला डब्लिनला सॉफ्टवेअरची नोकरी लागली तेव्हा एक वर्षाच्या मुलीला, अनुयाला, घेऊन तो तिच्या मागून आला. घर परवडलं ते मलिंगारला. ती रोज ट्रेननं डब्लिनला जायची आणि हा घरी. नोकरीसाठी त्यानं खूप ठिकाणी दारं ठोठावली. सगळे गोड बोलायचे. पण इथला अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असा तो फेरा होता.

रोज सकाळी बाबागाडी ढकलत तो कालव्याच्या काठानं चालायला जायचा. पुलापाशी पत्र्याची एक लांब शेड होती. एके दिवशी तिचं दार उघडं होतं आणि आत एक उंच, हाडकुळा म्हातारा जुन्या लेथचा पट्टा चढवता चढवता घायकुतीला आला होता. ह्याला दारात बघून त्यानं ओळखदेख न विचारता सांगितलं, "जरा हे टोक धर." हृषीकेशनं धरलं. पट्टा बसला. म्हाताऱ्यानं हात पुसले, बाबागाडीत डोकावून पाहिलं आणि चहा टाकला.

हा फिंटन गेराटी. आजोबांपासून तिसऱ्या पिढीचा बंदूक-कारागीर. दुसऱ्या दिवशी हृषीकेश पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. कागदपत्रं झाली, पोलिसांची, म्हणजे इथल्या गार्डांची, चौकशी झाली आणि तो फिंटनकडे कामाला लागला. फिंटनला त्याचं पूर्ण नाव कधीच जमलं नाही. 'हृषी' म्हणताना तो 'रिशी' म्हणायचा. जन्मात कुणी ऋषी म्हटलं नसतं असा माणूस आयर्लंडात ऋषी झाला, असं क्षितिजा म्हणायची.

काम बहुतेक शेतकऱ्यांच्या शॉटगनचं. कुणाचा लाकडी दस्ता चिरलेला, कुणाची स्प्रिंग मेलेली, कुणी बंदूक ट्रॅक्टरखाली घातलेली. पण शेडच्या मागच्या टेबलावर अधूनमधून एक वेगळीच वस्तू यायची, मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर. इथे त्याची गोष्टच निराळी आहे. दोन हजार आठच्या अखेरीनंतर असं हत्यार नव्यानं बाळगायचा परवाना मिळेनासा झाला. आधीपासून ज्यांच्याकडे होतं, तेवढ्यांनाच तो पुढे चालू ठेवता येतो. म्हणजे नेमबाजी क्लबांत असं रिव्हॉल्व्हर वापरणारी माणसं वर्षागणिक कमी होणार, आणि उरलेली म्हातारी होणार. म्हातारपणी मनगट साथ देत नाही. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हरचं तोंड असं उसळतं की दुसरा नेम धरायला हात जागेवर यावा लागतो. त्यावर उपाय पोर्टिंगचा. नळीच्या टोकाजवळ वरच्या अंगाला बारीक छिद्रं पाडायची. गोळीमागचा वायू त्यातून वर निसटतो आणि तोंड खाली दाबून धरतो.

छिद्र पाडणं ही मोठी गोष्ट नव्हे. नळीच्या आत गोळीला गिरकी देणारे आटे असतात, त्यांच्यावर, छिद्राच्या कडेला, केसाएवढाही खरखरीतपणा राहू न देणं, ही खरी गोष्ट. तिथे चुकलं तर नळी वाया. आणि ह्या देशात ती नळी वाया जाणं म्हणजे त्या माणसाचा उरलेला छंदच वाया जाणं.

गेरी टायरेल हा गुरांचा डॉक्टर. क्लबमधला मोठा माणूस, फिंटनचा शाळेपासूनचा मित्र. एका बैलानं लाथ मारून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण पूर्वीचं राहिलं नाही. तो आपलं चव्वेचाळीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला आणि म्हणाला, "फिंटन, पोर्टिंग करून दे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी हे देणार नाही."

फिंटन म्हणाला, "ग्रँड. ठेवून जा."

गेरी गेल्यावर फिंटननं उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. हृषीकेशनं ते आधीही पाहिलं होतं, पण दोघांपैकी कुणी त्यावर कधी बोललं नव्हतं. फिंटननं डाव्या हातानं उजवा दाबून धरला, तरी टेबलावरचा कप वाजतच राहिला.

"त्याला सांगायचं ना, जमणार नाही म्हणून," हृषीकेश म्हणाला.

"कसं सांगू? पन्नास वर्षं ओळखतो तो मला." मग फिंटन म्हणाला, "तू करशील?"

हृषीकेशनं आधी भंगारातल्या नळ्यांच्या तुकड्यांवर हात बसवला. फिंटन शेजारी स्टुलावर बसून सांगत होता, पण आतली कड साफ करायची त्याची जुनी पद्धत हृषीकेशला पटेना. त्यानं भोसरीत डायच्या आतल्या कोपऱ्यांसाठी वापरायचे तशा पितळेच्या छोट्या सळया स्वतः घडवल्या, त्यांना पॉलिशची पेस्ट लावली आणि आतून, आट्यांच्या वळणानं, हातानंच कड मारली. शेवटी गेरीची नळी घेतली. काम झाल्यावर फिंटननं उजेडाकडे धरून तिच्या आत बराच वेळ पाहिलं. मग भिंग लावून पाहिलं.

"माझ्या बापाला हे जमलं नसतं," तो म्हणाला. आणि लगेच पुढे म्हणाला, "ऋषी, एक मागू? हे आपल्या दोघांत राहू दे. थोडे दिवस. मग मीच सांगेन सगळ्यांना. ही शेड तूच चालवायचीस, मी तुझ्यासाठी शब्द टाकीन."

हृषीकेशनं मान डोलावली. त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. बापाच्या वयाचा माणूस, त्याची लाज आपण झाकली तर काय बिघडलं?

गेरीनं क्लबात पाच-सहा गोळ्या झाडल्या आणि तो नाचतच परत आला. "तोंड हलतच नाही रे! फिंटन, लेका, तुझ्या हातांना म्हातारपण नाही!" तो फिंटनला मिठी मारत होता तेव्हा हृषीकेश सिंकपाशी कप विसळत उभा होता.

मग कामं येऊ लागली. लेटरकेनीपासून कॉर्कपर्यंतची नेमबाज मंडळी आपापली जपून ठेवलेली रिव्हॉल्व्हरं घेऊन मलिंगारला यायला लागली. फिंटन सगळ्यांना सांगायचा, "ठेवून जा. कुणी बघत असलं की मला काम होत नाही." गिऱ्हाईक यायच्या वेळी हृषीकेशनं टेबलापासून उठायचं आणि किटली लावायची, असं ठरूनच गेलं. कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा तो आपणहून उठला, दुसऱ्यांदा फिंटननं नुसतं बघितलं, आणि तिसऱ्यांदापासून ती रीत झाली. तो आलं-वेलची घालून चहा करायचा. तो चहाही क्लबात प्रसिद्ध झाला.

क्षितिजाला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "थोडे दिवस म्हणजे किती? तू स्वतःच्या नावानं काम कर. निदान एक-दोन जणांना तरी कळू दे."

"तो सांगणार आहे."

"कधी?"

"अगं, माणूस आजारी आहे. त्याला असं कोंडीत पकडू का मी?"

"तू कोंडीत आहेस, हृषी. तो नाही."

त्यानं विषय बदलला. खरं सांगायचं तर त्या वर्षांत तो सुखात होता. हातात पुन्हा काम आलं होतं आणि काम अव्वल होत होतं. ते कुणाच्या नावावर जातं, ह्याचा विचार तो पुढे ढकलत राहिला.

मग क्लबनं फिंटनचा सत्कार करायचं ठरवलं. मलिंगारच्या एका हॉटेलात रविवारचं जेवण होतं. फिंटननं हृषीकेशला मुद्दाम सांगितलं, "क्षितिजाला आणि पोरीला घेऊन ये. त्या दिवशी मी बोलणार आहे." तो काय बोलणार आहे ते त्यानं सांगितलं नाही, पण दोघांनाही कळलं. क्षितिजानं जांभळी पैठणी नेसली. हृषीकेशनं लग्नातला सूट काढला, तो पोटावर आवळत होता. अनुया आता तेरा वर्षांची झाली होती. घरात मराठीत विचारलं तरी आयरिश हेल काढून इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची. पण त्या दिवशी तीही कुरकुर न करता आली.

गेरीनं भाषण केलं. फिंटनच्या हातांबद्दल तो भरभरून बोलला. साठी उलटल्यावर, सत्तरी उलटल्यावर, हात कापत असताना, हो, ते सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी टेबलाशी बसला की ते हात स्थिर होतात, हा चमत्कार आहे, असं म्हणाला. टाळ्या थांबेनात. मग फिंटन उठला. नोरीननं, त्याच्या बायकोनं, त्याला कोपरानं आधार दिला. त्यानं बापाचे आभार मानले, आजोबांचे मानले. नोरीनचे मानले. मग त्याची नजर हृषीकेशवर आली आणि तिथे थांबली.

हृषीकेश खुर्चीत जरा पुढे सरकला.

"आणि आपला ऋषी," फिंटन म्हणाला. समोर गेरी हसऱ्या चेहऱ्यानं बघत होता. "ऋषीशिवाय ती शेड चालली नसती. सगळ्या वेस्टमीथ काउंटीत ह्याच्यासारखा चहा मिळत नाही."

लोक हसले. चांगल्या मनानं हसले. शेजारच्यानं हृषीकेशच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या वाजल्या आणि तोही हसला, कारण तिथे दुसरं काय करणार?

गाडीत क्षितिजा म्हणाली, "चहा. इतकी वर्षं राबलास आणि चहा." मागच्या सीटवरून अनुया म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से इट, बाबा?" त्यानं वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

सोमवारी तो शेडवर गेला. फिंटन आधीच येऊन बसला होता. कोट काढलेला नव्हता.

"तू सांगणार होतास," हृषीकेश म्हणाला.

"जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण गेरी माझ्याकडे कसा बघत होता ते पाहिलंस ना?"

"आणि मी कसा बघत होतो?"

फिंटन रडायला लागला. हात कापत असल्यानं त्याला धड डोळेही पुसता येईनात. हृषीकेशनं त्याला फडका दिला. चीड होती, पण रडणाऱ्या म्हाताऱ्यापुढे ती दाखवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात सांगतो. गेरीला घरी बोलावून सांगतो," फिंटन म्हणाला. टेबलावर एका कॉर्कवाल्याचं रिव्हॉल्व्हर पडलं होतं. हृषीकेश कामाला बसला.

पुढच्या महिन्यात फिंटन हॉस्पिटलात होता. थंडी संपायच्या आत तो गेला.

अंत्ययात्रेला एवढी माणसं आली की गाड्या कालव्याच्या पुलापर्यंत लागल्या होत्या. चर्चच्या दारात जो तो फिंटनच्या हातांबद्दल बोलत होता. हृषीकेशनं शवपेटीला खांदा दिला. नोरीननंच त्याला बोलावून तो मान दिला होता.

बंदुकांच्या धंद्याची फिंटनची सरकारी नोंदणी फिंटनबरोबर संपली. शेडमधल्या बंदुका नियमाप्रमाणे दुसऱ्या कारागिराकडे गेल्या आणि दाराला कुलूप लागलं. हृषीकेशनं स्वतःच्या नावानं नोंदणी मिळवायचं ठरवलं. चौकशीला आलेला सार्जंट भला माणूस होता. म्हणाला, "तू इथे काय काय काम केलंस, हे सांगणारं कुणी हवं. नोरीन सांगेल ना?"

हृषीकेश नोरीनकडे गेला. तिनं ब्राऊन ब्रेड कापला, लोणी लावलं. त्यानं हळूहळू विषय काढला.

"रिव्हॉल्व्हरची सगळी पोर्टिंगची कामं मी केली, नोरीन. गेरीच्यापासून पुढची सगळी. तुला माहीत आहे."

ती सुरी धुवायला उठली. पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "मला माहीत आहे."

"मग तेवढं सार्जंटला सांग."

"सार्जंटची बायको गेरीच्या बायकोची बहीण आहे, ऋषी. संध्याकाळच्या आत गावभर होईल." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "शेवटी शेवटी त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मी लावायचे. जेवण मी भरवायचे. त्याच्याजवळ ते एवढंच उरलं होतं, लोक म्हणतात ते. तेही मी काढून घेऊ? तो मातीत गेल्यावर?"

"त्यानं मला शब्द दिला होता."

"त्यानं दिला होता," नोरीन म्हणाली. "मी नाही दिला."

सार्जंटनं विचारल्यावर तिनं सांगितलं, की ऋषी फार गुणी मुलगा, मदतीला असायचा, साफसफाई, बारीकसारीक घासकाम, स्वभावानं सोनं. त्यातला एकही शब्द वाईट नव्हता. त्या चांगल्या शब्दांनीच हृषीकेशचं दार बंद झालं.

तेव्हा तो गेरीकडे गेला. जे इतकी वर्षं गिळलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. गेरी अंगणात कुत्र्यांना खायला घालत होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हृषीकेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं त्याच्यावर प्रेम होतं. मला कळतं. दुःखात माणूस काहीबाही बोलतो."

"मी दाखवतो तुला. एखादी टाकाऊ नळी दे, तुझ्यासमोर करून दाखवतो."

गेरीचा हात खांद्यावरून खाली आला. "तू त्याच्याकडे शिकलास, तर तुला येणारच ना थोडंफार. पण मेलेल्या माणसाचं काम आपल्या नावावर लावू नये, ऋषी. इथे लोकांना ते आवडत नाही."

आठवड्याभरात क्लबात सगळ्यांना कळलं होतं, की फिंटनचा तो इंडियन मदतनीस, तोच तो चहावाला, आता सगळं मीच केलं म्हणतोय. दुकानात भेटले की लोक अजूनही मान हलवायचे, हवेबद्दल बोलायचे. पण त्यापुढे कुणी थांबायचं नाही. ज्यांच्या रिव्हॉल्व्हरवर त्यानं दिवसचे दिवस घातले होते, ते ट्रॉली ढकलत पुढे जायचे.

हृषीकेशनं अथलोनजवळच्या एका कारखान्यात नोकरी धरली. माणसांच्या खुब्यात बसवायचे धातूचे सांधे तिथे बनतात. मशीनमधून आलेला सांधा उजेडात फिरवून कुठे ओरखडा आहे का एवढं बघायचं, असला तर लाल खोक्यात टाकायचा. घासायचा नाही, घासायला दुसरं मशीन आहे. ओंगारला आता कुणी विचारलं तर तो खुशाल सांगतो, मेडिकल डिव्हाइसमध्ये आहे. लोक म्हणतात, अरे वा.

गेल्या शरदात, शनिवारी दुपारी, त्याला एक फोन आला. किलकेनीचा कारागीर होता. फिंटनकडची गिऱ्हाइकं आता त्याच्याकडे जात होती. बिचारा मोकळा माणूस वाटला. म्हणाला, "एक विचारायचं होतं. फिंटनच्या पोर्टिंगची कामं माझ्याकडे साफसफाईला येतात. छिद्रं मीही पाडतो, पण आतली कड त्याच्यासारखी येत नाही. कसलं हत्यार वापरायचा कळत नाही. तू तिथे होतास, तू बघितलं असशील. त्यानं कधी तुला दाखवलं का?"

पितळेच्या सळया जिन्याखालच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात पडल्या होत्या. हृषीकेश उभा होता तिथून त्या कपाटाचं दार दिसत होतं. इथे एक माणूस होता, ज्याला कामातलं कळत होतं. करून दाखवलं तर बघणारा, आणि बघितलं तर ओळखणारा. कदाचित कामालाही ठेवणारा. हे सगळं हृषीकेशच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ ते हॉटेल आलं, तो हशा आला, पाठीवरची थाप आली.

"नाही," तो म्हणाला. "त्यानं मला कधी काही दाखवलं नाही."

"बरं. वाटलंच होतं मला. जुनी माणसं हातचं राखूनच असायची," तो किलकेनीवाला हसून म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

क्षितिजा सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"का रे असं केलंस?" तिनं विचारलं. "आता तर तुझं तूच बुडवलंस."

"खरं तेच सांगितलं. त्यानं नव्हतंच दाखवलं."

तो बसला. आपण आज म्हाताऱ्याचं नाव राखलं, की आपलं कसब त्याच्या नावावर जाऊ दिलं नाही, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. नाही म्हणताना वाटलं होतं, आतून कुठेतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. त्यानं घड्यांमधून आपला कारखान्याचा निळा शर्ट ओढून काढला आणि दुपारच्या पाळीला निघाला.